मुले बाहेर गेल्यावर

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारची उपासना आटोपून आम्ही दोघी स्कूटरवरून घरी परतत होतो. माझी सहा वर्षांची मुलगी पुढे उभी होती. सिग्नलपाशी थांबलो तेव्हा तिने मान वळवून विचारले, "आई, आम्ही बाहेर गेल्यावर तुम्ही मोठी माणसे आत काय करता ग?"

दिल्लीतील ज्या चर्चला आम्ही जातो तेथे दुसरे गीत संपले की मुलांसाठी एक लहानशी प्रार्थना होते. मग शिक्षिका मुलांची रांग करतात आणि बाजूच्या दाराने त्यांना मागच्या खोलीत नेतात. तेथे त्यांना पवित्र शास्त्रातील गोष्टी सांगतात, चित्रे रंगवायला देतात, शेवटी बिस्किटे वाटतात. उपासना संपली की आम्ही पालक त्या खोलीच्या दाराशी जातो आणि स्टेशनवर ठेवलेले सामान सोडवून घ्यावे तशी आपापली मुले घेऊन घरी येतो. यात काही खटकण्यासारखे आहे असे मला त्या दिवसापर्यंत कधी वाटले नव्हते.

मी म्हटले, "आम्ही प्रार्थना करतो. पाळकसाहेबांचा उपदेश ऐकतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असते, ते घेतो."

"मग ते आमच्यासमोर का नाही करत?"

तेवढ्यात हिरवा दिवा लागला, म्हणून सुटले. मी व्यवसायाने अनुवादक. दुसऱ्या भाषांतला मजकूर मराठीत आणणे आणि इतरांनी आणलेला तपासणे, हे माझे दिवसभराचे काम. एखाद्या शब्दाला प्रतिशब्द मिळाला नाही तर वाक्य फिरवून मार्ग काढता येतो, ही आमच्या धंद्यातील जुनी युक्ती. या प्रश्नाला मात्र वाक्य फिरवूनही उत्तर सापडेना.

प्रश्न इतका जिव्हारी लागण्याचे कारण माझा थोरला भाऊ. त्याची हकीकत सांगायची तर आमच्या आजोबांच्या गावापासून सुरुवात केली पाहिजे.

गाव अहिल्यानगर जिल्ह्यातले. आमच्या लहानपणी तो अहमदनगर जिल्हा होता. या मुलखात अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ सालापासूनचे. आमच्या गावचे चर्च म्हणजे दगडी भिंतींची आणि पत्र्याच्या छपराची एक लांबट खोली. पूर्वी तेथेच मिशनची शाळा भरे, असे आजोबा सांगत. बाके नव्हती. जाजम अंथरलेले असे. एका अंगाला पुरुष, दुसऱ्या अंगाला स्त्रिया आणि सर्वांच्या पुढे, अगदी पेटी-तबल्याला खेटून, आम्ही मुले. झांजा आमच्याच हातांत असत, कारण त्या वाजवण्याची हौस आमच्याइतकी कोणाला नव्हती. गीते बहुधा नारायण वामन टिळकांची. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या या कवीने आपल्या मंडळीला अभंगांची आणि भजनांची वाट मोकळी करून दिली, त्यामुळे खेड्यातल्या निरक्षर म्हातारीलाही ती गीते मुखोद्गत असत, आणि तिच्या मांडीवरच्या नातवालाही. मराठी वाचक टिळकांना 'फुलामुलांचे कवी' म्हणून ओळखतात. आमच्या त्या जाजमावर ते नाव शोभून दिसे.

उपदेश लांबला की आम्ही झोपत असू. कोणी उठवीत नसे. आजीच्या मांडीवर डोके टेकून, तिच्या लुगड्याच्या वासात, अर्धवट झोपेत ऐकलेले कितीतरी शब्द मला आजही पाठ आहेत. त्यांचा अर्थ पुढे पुष्कळ वर्षांनी कळला. प्रार्थनेत पाळक एकेक वाक्य संपवीत, तसा सारा समुदाय 'आमेन' म्हणे आणि त्यात मुलांचा आवाज सर्वांत मोठा असे. पीक हाती आले की उपकारस्तुतीचा रविवार येई. ज्याच्या शेतात जे पिकले असेल ते त्याने आणायचे. बाजरीच्या पाट्या, भोपळे, अंडी, एखादी कोंबडी, आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव. एका वर्षी कोंबडी धरून पुढे नेण्याचे काम माझ्याकडे आले. ती ऐन प्रार्थनेत हातून निसटली आणि थेट वेदीखाली जाऊन बसली. पाळकांनी प्रार्थना पुरी केली, मग स्वतः वाकून कोंबडी काढली आणि ती पुन्हा माझ्याच हातांत दिली. दुसऱ्या कोणाच्या नाही.

प्रभुभोजन आम्हा मुलांना मिळत नसे. पण ते आमच्या डोळ्यांसमोर होई. शास्त्राच्या मराठी भाषांतरात त्या ठिकाणी 'भाकर' हाच शब्द आहे. पाव नाही, रोटी नाही. भाकर म्हणजे काय, हे आम्हांला कोणी समजावून सांगावे लागत नव्हते. चुलीपुढे बसणाऱ्या, खुरपणी करून तळवे भेगाळलेल्या बायका ओंजळ पुढे करून तो तुकडा घेत आणि क्षणभर तशाच थांबत. ते पाहून आम्ही गप्प होत असू. एरवी आम्हांला गप्प करणे सोपे नव्हते.

पुढे वडिलांची बदली शहरात झाली. तेथील चर्च मोठे, लाकडी बाकांचे, शिस्तीचे. भाऊ तेव्हा नऊ वर्षांचा होता. पहिल्याच रविवारी प्रार्थना चालू असता गावच्या सवयीने तो प्रत्येक वाक्याला मोठ्याने 'आमेन' म्हणू लागला. दोन-तीन मुले हसली. मंडळीतील एक पंच उठले, त्यांनी त्याला दंडाला धरून बाहेर नेले आणि पायरीवर बसवून परत आले. त्यांनी मारले नाही, रागावलेही नसतील. वडिलांनी हे पाहिले. ते त्या शहरात नवे होते, मंडळीत नवे होते. ते बसून राहिले. घरी गेल्यावरही या विषयावर कोणी बोलले नाही.

पुढच्या रविवारपासून भाऊ इतर मुलांबरोबर शब्बाथ शाळेत जाऊ लागला. तेथे तो हुशार ठरला, बक्षिसेही मिळाली. पंधराव्या वर्षी प्रश्नोत्तरे पाठ करून त्याने दृढीकरण घेतले आणि रीतसर मोठ्यांच्या बाकावर बसू लागला. दोन वर्षांच्या आत त्याचे येणे बंद झाले. त्या एका सकाळमुळेच तो दुरावला असे म्हणणे अन्यायाचे होईल. माणसाच्या श्रद्धेचा हिशेब इतका सोपा नसतो. परंतु एकदा तो मला जे म्हणाला ते मी विसरलेले नाही. "अग, इतकी वर्षे आत काय चालते ते ठाऊकच नव्हते. आत घेतले तेव्हा परक्याच्या लग्नाला गेल्यासारखे वाटले. कधी उठायचे, कधी बसायचे, तेच कळेना."

मुलीच्या प्रश्नानंतर मी घरातील पुस्तके काढून बसले. मुलांना दूर ठेवण्याची चाल ख्रिस्ती धर्माइतकी जुनी असावी, अशी माझी कल्पना होती. ती चुकीची निघाली.

जुन्या करारात लोकांना नियमशास्त्र ऐकण्यासाठी जमवण्याची आज्ञा आहे, तीत पुरुष आणि स्त्रियांबरोबर मुलांचाही स्पष्ट उल्लेख आहे. योएल संदेष्टा तर अंगावर पिणाऱ्या बाळांनाही सभेला बोलावतो. येशूजवळ मुलांना आणणाऱ्यांना शिष्यांनी दटावले आणि येशूला शिष्यांचाच राग आला, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. आम्ही ती चित्राच्या चौकटीत घालून शब्बाथ शाळेच्या भिंतीवर लावतो आणि दार लावून घेतो. यरुशलेमच्या मंदिरात मुले मोठ्याने जयघोष करू लागली तेव्हा चिडले ते याजक आणि शास्त्री. दर वर्षी झावळ्यांच्या रविवारी आम्ही मुलांच्या हाती झावळ्या देऊन त्या प्रसंगाची आठवण करतो, आणि ती मिरवणूक संपली की मुले मागच्या खोलीत जातात.

प्रेषितांच्या कृत्यांतील युतुख मला विशेष आवडतो. त्रोवस गावी पौलाचे भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबले. खिडकीत बसलेला हा मुलगा पेंगता पेंगता तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. लोकांना वाटले, गेला. पौलाने खाली जाऊन त्याला कवटाळले, तो जिवंत असल्याचे सांगितले, पुन्हा वर येऊन भाकर मोडली आणि पहाटेपर्यंत बोलत राहिला. लांबलेल्या उपदेशाचा हा पहिला नोंदलेला अपघात असावा! पण झोपाळू मुलांना यापुढे सभेत आणू नये, असा ठराव त्या मंडळीने केल्याचे मात्र कोठे लिहिलेले नाही.

आरंभीच्या शतकांत बाप्तिस्मा झालेल्या तान्ह्या बाळांनाही प्रभुभोजन दिले जाई. संत ऑगस्टीनसारख्या आचार्यांनी त्याचे समर्थन केले आहे. पूर्वेकडील मंडळ्यांनी ही रीत कधी सोडलीच नाही. आमच्या कार्यालयातील एक केरळी सहकारी ऑर्थोडॉक्स सीरियन परंपरेतले; त्यांच्या भाचीला बाप्तिस्म्याच्याच दिवशी, ती काही महिन्यांची असताना, प्रभुभोजन मिळाले. मी आश्चर्य व्यक्त केले तेव्हा ते म्हणाले, "घरात मूल जन्मले की त्याला जेवायला वाढण्यासाठी त्याच्या परीक्षेची वाट पाहतात का?" पश्चिमेत ही चाल बाराव्या-तेराव्या शतकांच्या सुमारास मागे पडली. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने समज आलेल्यांनी वर्षातून एकदा तरी प्रभुभोजन घ्यावे असा नियम केला, आणि 'समज' या शब्दाभोवती पुढे सारा वाद घुटमळत राहिला. कोणी दहा वर्षे म्हणे, कोणी बारा, कोणी चौदा. १९१० साली पोप दहावे पायस यांनी ती मर्यादा सुमारे सातव्या वर्षावर आणली. प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी शिक्षणावर भर दिला. आधी शिका, मग या. हेतू चांगलाच होता.

शब्बाथ शाळेचा इतिहास तर मला चकित करून गेला. इंग्लंडातील ग्लॉस्टर शहरी रॉबर्ट राइक्स यांनी १७८० साली ती सुरू केली ती कारखान्यांत राबणाऱ्या गरीब मुलांसाठी. आठवड्यात रविवार तेवढा त्यांना मोकळा मिळे. त्या दिवशी त्यांना लिहायला-वाचायला शिकवावे, हा उद्देश. आपल्या देशात १८७६ साली अलाहाबादेत, म्हणजे आजच्या प्रयागराजमध्ये, इंडिया संडे स्कूल युनियन स्थापन झाली. या शाळांनी केवढे काम केले आहे! ज्यांना कोणी आत घेत नव्हते त्यांच्यासाठी उघडलेले हे दार. कालांतराने तेच आत असलेल्यांना बाहेर नेण्याचे दार कसे झाले, हे कोणी ठरवून केलेले नाही. सोयीच्या गोष्टी अशाच हळूहळू नियम होऊन बसतात.

कॅथलिक पंथात या दिशेने जाणीवपूर्वक पाऊल पडले ते दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर. १९६२ ते १९६५ या काळातील त्या परिषदेने लोकभाषांना उपासनेत स्थान दिले. वसईच्या भाविकांना मिस्सा मराठीतून मिळाला तो त्यानंतर. मग १९७३ साली रोमहून मुलांसह होणाऱ्या मिस्साविधीविषयी एक मार्गदर्शिका निघाली, आणि पुढल्या वर्षी मुलांसाठी तीन स्वतंत्र प्रार्थना मान्य झाल्या, ज्यांत मुलांनी मधूनमधून प्रतिसाद द्यायचा असतो. मोठ्यांच्या उपासनेत मुले असतील तर निदान आरंभी आणि शेवटी त्यांच्याशी थेट बोलावे, वाचनासाठी त्यांना वेगळे नेले तरी पुढच्या विधीला परत आणावे, अशा साध्या सूचना तीत आहेत. अनुवादकाला हे पटकन पटते. मोठ्यांना लॅटिन जितकी परकी होती तितकीच मुलांना आमची उपदेशाची भाषा परकी आहे. पहिल्यासाठी आपण भाषा बदलली. दुसऱ्यासाठी मुलांनाच उठवले. वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेसच्या आयोगाने १९८२ साली पेरूतील लिमा येथे मान्य केलेल्या निवेदनातही, जी मंडळी मुलांना बाप्तिस्मा देते पण भोजनापासून दूर ठेवते तिने आपल्या बाप्तिस्म्याचा पुरा अर्थ ओळखला आहे का याचा विचार करावा, असे सुचवले आहे.

हे सारे वाचून मी आमच्या पाळकांकडे गेले. ते सौम्य गृहस्थ आहेत. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "मुलांची मला अडचण नाही, पण वृद्धांचे काय?" प्रश्न रास्त होता. आमच्या मंडळीत काही जण कानाला यंत्र लावतात. मागे कोणी कागद चुरगळला तरी त्यांना उपदेशातील वाक्य हुकते. आठवडाभराच्या धावपळीनंतर शांतपणे बसण्याचा तो एकच तास मिळतो, असे कित्येक आयाही बोलून दाखवतात. खरे सांगायचे तर मीही त्यांतलीच. मुलगी खोलीत गेली की मला जे हलके वाटे, ते मी आजवर कोणाला सांगितले नव्हते.

मग मला गुरुद्वाऱ्याची आठवण झाली. बंगला साहिबला मी मुलीला घेऊन दोन-तीनदा गेले आहे. लंगरमध्ये तिच्याएवढी मुले पंगतीतून रोटीची टोपली घेऊन फिरतात. पंढरीच्या वाटेवर दिंडीत टाळ घेतलेली मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्या मुलांना कोणी गप्प बसवीत नाही, कारण त्यांच्या हाताला काम असते. आमच्याकडे नाताळात मुलांकडून नाटक करून घेतात. मेंढपाळांची पागोटी बांधली जातात, सारे पालक फोन उंच धरून चित्रे घेतात, टाळ्या पडतात. मला नाटकाचा राग नाही. पण ते मुलांना पाहणे झाले. मुलांबरोबर उपासना करणे झाले नाही. मूल शोभेसाठी पुढे आणले की त्याला ते बरोबर कळते.

शेवटी ठरले ते इतकेच की महिन्यातील एका रविवारी मुलांनी बाहेर जायचे नाही. शास्त्राचा एक पाठ त्यांच्यापैकी कोणी वाचायचा, दानाच्या थैल्या दोघांनी फिरवायच्या, घंटा मुलांनी वाजवायची, आणि उपदेश पंधरा मिनिटांत आटपायचा. या शेवटच्या कलमाला सर्वांत जास्त पाठिंबा मिळाला, आणि तो मुलांच्या पालकांपेक्षा इतरांकडूनच.

पहिला रविवार फजितीचा गेला. निवांत प्रार्थनेच्या वेळी एका लहानग्याने मोठ्याने विचारले, "सगळे झोपले का?" एक थैली कलंडून नाणी बाकांखाली गेली. एक वयोवृद्ध सभासद पुढच्या रांगेतून उठून मागे जाऊन बसले आणि अजूनही त्या रविवारी ते मागेच बसतात; त्यांना हा प्रकार पसंत नाही आणि त्यांनी तसे मला स्पष्ट सांगितले आहे. मला त्यांच्याविषयी आदर आहे. कदाचित वर्षाच्या शेवटी ते बरोबर ठरतील.

मध्यस्थीच्या प्रार्थनेत पाळकांनी विचारले, "कोणासाठी प्रार्थना करायची?" मोठी माणसे नेहमीप्रमाणे आजाऱ्यांची नावे सांगू लागली. मग माझी मुलगी उठली. आमच्या जिन्याखाली व्यालेल्या कुत्रीसाठी, म्हणाली. आणि माझ्या मामासाठी, कारण तो चर्चमध्ये येत नाही आणि त्याला इथले काही माहीत नाही. मी तिला मामाची हकीकत कधी सांगितलेली नव्हती; आम्ही फोनवर बोलत असताना तिने ती कधीतरी ऐकली असावी. पाळकांनी दोघांसाठी प्रार्थना केली, त्याच क्रमाने.

प्रभुभोजनाच्या वेळी मुले आता आमच्याबरोबर पुढे येतात. त्यांना ते मिळत नाही. पाळक डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात. मुलीचे त्याने समाधान झालेले नाही. तिने मला विचारले की भुकेलेल्याच्या डोक्यावर हात ठेवून काय उपयोग. हा प्रश्न मी पाळकांपर्यंत पोचवला आहे. त्यांनी तो वरिष्ठांपुढे मांडण्याचे कबूल केले आहे आणि अशा गोष्टींना वेळ लागतो हे मलाही ठाऊक आहे.

जानेवारीत भाऊ कामानिमित्त दिल्लीस आला. शनिवारी रात्री भाचीने त्याला सांगितले, "मामा, उद्या घंटा माझी आहे. तू ये." तो हसला, हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. सकाळी तो आमच्या आधी तयार होता. चर्चच्या दारात त्याने गावच्या सवयीने बूट काढले. दिल्लीत कोणी काढत नाहीत, हे त्याच्या लक्षात आले, पण त्याने ते पुन्हा घातले नाहीत. तो शेवटच्या बाकावर बसला. प्रार्थना सुरू झाली तेव्हा पहिल्या वाक्यानंतर मुलांनी 'आमेन' म्हटले. ही रीत मीच त्यांना शिकवली आहे. मी मागे वळून पाहिले नाही.

घरी परतताना चहासाठी थांबलो. भाऊ म्हणाला, "उपदेश पंधरा मिनिटांचा ठरला होता ना? चांगला पंचवीस मिनिटे चालला."

"सव्वीस," मुलगी म्हणाली. "मी घड्याळ बघत होते."